पाच पायांचे कासव

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. माझ्यावर पेन्सिलीने काढलेले एक कासव आहे आणि त्या कासवाला पाच पाय आहेत. हसू आले तर खुशाल हसा. मला पहिल्यांदा पाहणारे सगळेच हसतात. पण हसून झाल्यावर थोडा वेळ थांबा, कारण हा पाचवा पाय कुठून आला ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. जुन्या चादरी, फाटके सदरे, कुणाच्या तरी टेबलावरचे विटलेले कापड, असे सगळे भिजवून आणि कुटून त्याचा लगदा झाला. मग एका कागदवाल्याने तो चाळणीवर हाताने उचलला आणि वाळवला. त्याचा हात जिथे किंचित थरथरला तिथे माझी कड वाकडी झाली. त्या काळी इंग्लंडमध्ये यंत्रांवर भराभर सरळ कडांचे कागद निघत होते. तरीही थेम्स नदीच्या काठी असलेल्या एका छोट्या कारखान्याने मला मुद्दाम विकत घेतले, ते या वाकड्या कडेसाठीच.

तो टाइलींचा कारखाना होता. तो चालवणारे अँब्रोज हेल दाढीवाले होते आणि त्यांच्या अंगावर सदैव निळा डगला असे. हाताने केलेल्या कामाची चळवळ तेव्हा देशात जोरात होती आणि हेलसाहेब त्या चळवळीतले कट्टर होते. "यंत्रावर छापलेली फुलं बघा," ते म्हणत, "सगळी एकाच दिवशी मेल्यासारखी दिसतात." कारखान्यात सगळे समान, म्हणून त्यांना कुणी मालक म्हटलेले आवडत नसे. आणि त्यांच्या कारखान्यात खोडरबर आणायला बंदी होती.

"सुतारानं सांधा लपवू नये," ते सांगत. "विणकरानं गाठ लपवू नये. आणि आपण चुकलेली रेघ लपवू नये."

"आणि आजच्या सूपला आलेला करपट वासही कुणी लपवू नये, मालक," नोआ ट्रिंबल म्हणायचा. ट्रिंबल हा तिथला जुना टाइल रंगवणारा होता.

"मला मालक म्हणू नका."

"बरं, मालक."

लेटिस गॅरड नावाची एक तरुण मुलगी तिथे रंग भरायचे काम करी. नक्षी काढायचे काम हेलसाहेबांचे. लेटिसचा हात चांगला होता, पण तिचे डोळे त्याहून चांगले होते. गोगलगाय काचेवर चढली की ती काचेच्या दुसऱ्या बाजूने जाऊन बघायची. तिला स्वतःची नक्षी काढायची होती, आणि तिने हे कुणाला सांगितले नव्हते तरी सगळ्यांना ठाऊक होते.

त्या वर्षी एका इस्पितळाचे काम आले. मुलांच्या वॉर्डात भिंतीतल्या शेकोटीभोवती प्राण्यांची मिरवणूक लावायची होती. बगळा, कोल्हा, घूस, कोंबडी, सगळे ठरले. पुढे कोण चालणार यावर घोळ चालला होता.

"सिंह," हेलसाहेब म्हणाले.

"कासव," लेटिस म्हणाली. "पुढे कासव असलं की मागे कुणी राहत नाही."

मग हेलसाहेबांनी दाढी खाजवली. "ठीक आहे. कासव तुम्हीच काढा, मिस गॅरड. चांगलं उतरलं तर यापुढे नक्षीच्या टेबलावर तुमची खुर्ची. नाही उतरलं तर त्या जागी माझ्या जुन्या नक्षीतली खार जाईल आणि तुम्ही माझ्या नक्ष्यांत रंग भरत राहाल."

त्याच दुपारी तिने गठ्ठ्यातून मला उचलले.

लेटिस जिथे भाड्याने राहायची तिथल्या मिसेस पॉटिंजर यांच्या स्वयंपाकघरात एक कासव होते. त्याचे नाव बिशप, म्हणजे मोठा पाद्री, कारण जेवताना ते प्रार्थना केल्यासारखे डोळे मिटून घेई. "विकणाऱ्या गाडीवाल्यानं शपथेवर सांगितलं होतं, हे झुरळं खातं म्हणून," मिसेस पॉटिंजर म्हणाल्या. "खातं कसलं! झुरळं याच्या पाठीवर बसून माझ्या घरभर फिरतात. काढा बाई चित्र, तेवढा तरी उपयोग होऊ दे."

ऑक्टोबर संपत आला होता. लेटिस जमिनीवर पालथी पडली आणि मला समोर ठेवले. पेन्सिलीचे टोक अंगावरून फिरते तेव्हा काय वाटते ते मी कसे सांगू? आपण कोण होणार आहोत हे आपल्याला कुणीतरी हळूहळू सांगत आहे, असे वाटते. आधी पाठीची कमान आली. मग पाठीवरचा एकेक खवला, त्यातली वर्षावर्षाची वलये. मग सुरकुतलेली मान. बिशपने कोबीच्या पानाकडे एक पाऊल टाकले. तिने मागचा उजवा पाय झटकन टिपला. पुढचा डावा पाय टिपायला नजर वळवली, तर बिशप थांबला होता आणि पाय आत गेला होता.

तिने तो आठवणीने काढला, पुढे ताणलेला. मग थबकली. मान तिरकी करून पाहिले आणि तोच पाय पुन्हा काढला, या वेळी मागे रेटलेला. दोन्ही रेघा सारख्याच ठाम होत्या. मला तेव्हाच कळले की तिच्या मनात काहीतरी अडले आहे.

"उद्या परत चालताना बघू," ती म्हणाली.

पण रात्री पहिले धुके पडले आणि सकाळी बिशप जिन्याखालच्या पेंढ्याच्या खोक्यात शिरला. थंडीभर न खाता-पिता झोपायची त्याची रीतच होती. त्याच आठवड्यात लेटिसही तापाने अंथरुणाला खिळली.

मी कारखान्यात तिच्या टेबलावर पडून होतो. नाताळाआधी वॉर्ड उघडायचा होता, म्हणून हेलसाहेबांना घाई होती. त्यांनी मला उचलले आणि खिडकीजवळच्या उभ्या काचेला चिकटवले. मागून उजेड माझ्या अंगातून आरपार गेला. समोरून ट्रिंबलने काचेवर एक पातळ कागद लावला आणि कुंचला घेतला.

"मालक, या कासवाला पाय किती?"

"मला मालक म्हणू नका."

"बरं, मालक. पण पाय?"

हेलसाहेब जवळ आले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात कुणीतरी एक रेघ सरळ खोडली असती. इथे मात्र दुसऱ्याच्या रेघेला हात लावणे म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखे होते. "तिचं चित्र आहे," ते म्हणाले. "तिनं काढलंय तसं उतरवा. आपण मध्ये पडायचं नाही."

ट्रिंबलने खांदे उडवले आणि पाचही पाय उतरवले.

तो पातळ कागद म्हणजे माझा धाकटा भाऊच. तो पांढऱ्या मातीचा लेप दिलेल्या टाइलीवर चिकटवला, वरून झिलईची भुकटी घातली आणि टाइल भट्टीत गेली. आत कागद जळून जातो आणि रंग झिलईत अडकून कायमचा राहतो. माझे असे किती भाऊ गेले! आग आतून कशी दिसते हे विचारावे असे मला फार वाटते, पण सांगायला परत कुणी आले नाही.

भट्टी उघडली. निळ्या-हिरव्या चमकत्या टाइलीवर कासव होते, पाच पायांचे. रंगवणारे सगळे भोवती जमले.

"पाचवा कुणाकडून मागून आणला?"

"अरे, पुढे चालायचंय ना, एक जास्तीचा हवाच!"

हेलसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांचे डोळे चमकत होते. "सुरेख," ते म्हणाले. "शोधणारा हात जसाच्या तसा दिसतोय. हीच टाइल बसवायची."

दुसऱ्या दिवशी लेटिस आली, गळ्याभोवती मफलर, चेहरा उतरलेला. तिने टाइल पाहिली आणि ती खुर्चीवर बसलीच.

"ही नाही लावायची," ती म्हणाली.

"का? प्रामाणिक आहे."

"कासवाला पाच पाय नसतात."

"हे सगळ्यांना माहीत आहे, मिस गॅरड."

"वॉर्डातल्या मुलांना नाही. त्यांतल्या कितीतरी जणांनी कासव बघितलेलंच नाही. ती आपल्यावर विश्वास ठेवतील."

हेलसाहेबांनी काचेवरून मला काढले आणि तिच्यापुढे धरले. "मग यातला चुकीचा पाय कोणता ते सांगा. दुसरी टाइल आजच करू."

लेटिसने माझ्याकडे पाहिले. मी वाट पाहत होतो, कारण ते मलाही जाणून घ्यायचे होते.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"सोपं आहे की," ट्रिंबल म्हणाला. "त्या बिशपला खोक्यासकट इथे आणा. भट्टीच्या भिंतीशी ठेवू. उबेनं उठेल, चार पावलं चालेल, आपलं काम झालं."

"आणि मग? भर थंडीत जागं झालेलं कासव खाणार काय? त्याच्या अंगात वसंतापर्यंत पुरेल एवढंच साठवलेलं असतं. आपण ते चार पावलांत संपवायचं?"

"एक कासव, बाई. नाताळ तोंडावर आलाय."

"नाही," लेटिस म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण तो हलला नाही. "जागा रिकामी ठेवा. पांढरी टाइल लावा. ते उठलं की मी बघेन आणि मग काढीन."

"रिकामी!" हेलसाहेब ओरडले. "मिरवणुकीच्या पुढे भोक?"

"चुकलेली रेघ लपवायची नाही म्हणता. मग जे माहीत नाही तेही लपवायला नको."

हेलसाहेबांनी पाच पायांची टाइल उचलून बाजूला ठेवली. "तिथल्या परिचारिकांच्या प्रमुख मेट्रनबाई नाही म्हणाल्या तर खार," ते शेवटी म्हणाले. "आणि आपलं ठरलंय ते ठरलंय."

म्हणजे लेटिसची खुर्ची आता एका झोपलेल्या कासवावर आणि एका मेट्रनबाईवर अवलंबून होती.

नाताळाआधी वॉर्ड उघडला. लेटिस मला गुंडाळून सोबत घेऊन गेली. शेकोटीभोवती बगळा, कोल्हा, घूस आणि कोंबडी रांगेत चालत होती, आणि सगळ्यांच्या पुढे एक कोरी पांढरी टाइल होती.

"हे काय?" मेट्रनबाई म्हणाल्या. त्या उंच होत्या आणि त्यांच्या टोपीची इस्त्री कधी मोडत नसे. "चित्र उंदरानं खाल्लं का?"

लेटिसने उत्तर द्यायच्या आधीच एका खाटेवरून आवाज आला. "तिथे बर्फातलं अस्वल आहे. पांढरं आहे म्हणून दिसत नाही."

"भूत आहे!" दुसऱ्या खाटेवरून कुणीतरी म्हणाले.

"मेट्रनबाईंची टोपी आहे!" हे बोलणारा सिड नावाचा मुलगा लगेच पांघरुणात गडप झाला.

लेटिसने मला उलगडले आणि मुलांना सांगितले की तिथे कासव यायचे आहे, पण त्याचा एक पाय कसा असतो ते तिला माहीत नाही. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट माहीत नाही, आणि ती तसे मुलांपुढे म्हणते, हे त्या वॉर्डात नवीन होते. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

खिडकीशी एफी नावाची एक मुलगी होती. तिच्या कमरेच्या हाडाला रोग होता, म्हणून तिला फळीला बांधून उताणे निजवले होते. मला तिच्या डोळ्यांसमोर वर धरून दाखवावे लागले. तिने मला इतका वेळ पाहिले की मला लाज वाटली.

"रांगून बघा," ती म्हणाली. "ज्यांना उठता येतं त्यांनी रांगायचं. मी बघते. मिस, खाटेवरचा माझा आरसा तिरका करा."

आणि मुले जमिनीवर उतरली. कुणाच्या कानात बोळा, कुणाच्या डोक्याला पट्टी. एफी आरशातून हुकूम सोडत होती. "हळू! कासवासारखं. थांब! कोणता हात पुढे आहे? आणि गुडघा?"

दारात मेट्रनबाई उभ्या होत्या. "हे काय चाललंय?"

"प्रयोग, मेट्रनबाई," एफी म्हणाली. "एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा गुडघा एकत्र पुढे जातो. सगळ्यांचा. फक्त सिडचा नाही, पण तो मुद्दाम करतोय."

मेट्रनबाईंनी खाली पाहिले. मला वाटले, झाले, आता खारच येणार.

"सिड," त्या म्हणाल्या, "नीट रांग."

नंतर त्या लेटिसला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या मुलांना आतापर्यंत फक्त औषधाची वाट बघायची सवय होती. ठेवा ती पांढरी टाइल. पण वसंतातल्या ईस्टरच्या सणापर्यंतच. नंतर खार."

"मुलं कासवासारखीच चालतात असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही हं!" मागून एफी ओरडली.

हिवाळा लांबला. लेटिसने मला तिच्या खोलीत भिंतीला टाचले होते. ती रोज जिन्याखाली वाकून पाहायची आणि परत वर यायची. बिशप झोपलेला आहे की मेलेला, हे बाहेरून कळत नसे. मार्च सरत आला. ट्रिंबल दोनदा घरी येऊन गेला. "अजून भट्टी गरम आहे, बाई," तो दारातूनच म्हणे. "अजून नाही," ती म्हणे. तिची खुर्ची रोज थोडी थोडी दूर सरकत होती, आणि तिला ते कळत होते. ईस्टर जवळ आला तसे तिचे जेवण कमी झाले. मिसेस पॉटिंजर बशी उचलताना पुटपुटायच्या, "आता हीसुद्धा पेंढ्यात शिरते वाटतं."

मग एका ऊन पडलेल्या सकाळी खालून त्यांची हाक आली. "या लवकर! खोकं खरवडतंय!"

बिशपला कोमट पाण्यात बसवले, पोटभर पाणी प्यायला दिले. दोन दिवस त्याला कुणी हात लावला नाही. तो पूर्वीसारखे डोळे मिटून नीट खाऊ लागला तेव्हाच लेटिस त्याला टोपलीत घालून कारखान्यात घेऊन गेली. मलाही नेले. जमिनीवर ओल्या मातीचा लांब पट्टा थापला होता. एका टोकाला बिशप, दुसऱ्या टोकाला हेलसाहेब गुडघ्यांवर बसलेले, हातात कोवळी हिरवी पाने.

"या, या, बिशपमहाराज," हेलसाहेब गोड आवाजात म्हणाले.

"कुणालातरी महाराज म्हणालात, मालक," ट्रिंबल म्हणाला. "मी ऐकलं."

बिशप निघाला. लेटिस मातीला गाल टेकवून पडली होती. मागचा उजवा पाय उचलला, आणि त्याच्यासोबत पुढचा डावा पुढे गेला. पुन्हा तसेच. मातीत ठसे उमटत गेले आणि उत्तर सगळ्यांना दिसले.

माझ्यावरची पुढे ताणलेली रेघ बरोबर होती. मागे रेटलेली चूक होती. पण ठशांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी कुणी विचारलीच नव्हती. पुढचा पंजा सरळ पडत नव्हता. तो आत वळत होता. माझ्यावरचे दोन्ही पंजे सरळ होते. म्हणजे मी दोन्ही रेघांत चुकलो होतो. खरे सांगतो, वाईट वाटले. पण लेटिस उठली तेव्हा तिच्या गालाला माती लागली होती आणि ती हसत होती. मग माझे वाईट वाटणे गेले.

तिने नवा कागद घेतला. टाइल त्याच्यावरून झाली, माझ्यावरून नाही. भट्टी उघडली तेव्हा कुणी थट्टा केली नाही. हेलसाहेबांनी टाइल उजेडात फिरवली, पंज्यावरून अंगठा फिरवला आणि विचारले, "पुढची नक्षी कसली, मिस गॅरड?" एवढेच. ट्रिंबलने तिची खुर्ची उचलून नक्षीच्या टेबलाशी नेऊन ठेवली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी कासव मिरवणुकीच्या पुढे बसले. एफीला तोवर फळीवरून सोडले होते. ती उशांना टेकून बसली होती. तिने टाइल नीट पाहून घेतली आणि मान हलवली. मग लेटिसच्या हातातल्या गुंडाळीकडे बोट केले.

"मला तो कागद हवाय."

"हा? हा तर चुकलेला आहे, एफी."

"म्हणूनच. पुढचा पाय तुम्ही तपासलात. पण मागचा बरोबर आहे हे कुणी तपासलं?"

लेटिसने माझ्याकडे पाहिले आणि मला एफीच्या मांडीवर ठेवले.

तेव्हापासून मी एफीचा झालो. ती बरी झाली, थोडी लंगडत चालू लागली, पुढे शाळेत शिकवू लागली. तिच्या वर्गाच्या भिंतीवर मी बरीच वर्षे होतो आणि मुले माझ्यापुढे भांडत असत. एफी गेल्यावर माझे दिवस फिरले. कुणीतरी मला स्वयंपाकघरातल्या कप्प्यात सुऱ्या-चमच्यांखाली अंथरले. माझ्या कवचावर गंजाचा डाग आहे तो तेव्हाचा. तिच्या भाचीच्या नातीने एकदा कप्पा पुसताना मला बाहेर काढले, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

मित्रांनो, सजून भिंतीवर बसलेल्या टाइलीची काळजी सगळे घेतात. माझ्यासारखे कच्चे कागद मात्र रद्दीत जातात. घरात असा एखादा कागद सापडला, तर तो कोरडा ठेवा, त्याची घडी घालू नका आणि त्यावर काय अडले होते ते शोधा. आणि तुमच्या चित्रातला प्राणी झोपला असेल, तर त्याला झोपू द्या. बिशपचा मागचा पाय मी नीट धरला आहे की नाही, हे मला अजून कळलेले नाही. तुमच्या घराजवळ एखादे कासव असेल, तर उन्हे आली की जरा त्याच्यामागे हळूहळू चालून बघाल का?